यादीत नसलेली तिमोरासो

तोरतोना बघायला म्हणून कुणी इटलीला जात नाही. मिलान, तोरिनो आणि जेनोआ या तीन मोठ्या शहरांच्या मधोमध, पिएमोंते प्रांताच्या आग्नेय टोकाला हे गाव आहे. इथे लोक गाडी बदलतात आणि पुढे जातात. मी त्या भागात गेले तीही गिअरबॉक्सच्या कामामुळे. रांजणगावला फियाटचा कारखाना आल्यापासून पुणे आणि तोरिनो यांच्यातली ये-जा आमच्या धंद्यात नवलाईची राहिलेली नाही. तोरिनोमध्ये राहायचं, दिवसभर टेस्ट बेंचपाशी उभं राहायचं आणि संध्याकाळी हॉटेलवर येऊन पुण्याला अहवाल पाठवायचा, असा माझा क्रम होता. आमच्या टीममधले सगळ्यांत ज्येष्ठ गृहस्थ, निवृत्तीला आलेले, मूळचे तोरतोनाच्या टेकड्यांमधले. एका शनिवारी त्यांनी आम्हा दोघा-तिघांना गाडीत घातलं आणि म्हणाले, आज आमच्याकडचं जेवण.

खानावळ टेकडीच्या वळणावर होती. बाहेर पाटी जेमतेम दिसेल अशी, आत मोजकी टेबलं, भिंतीवर सायकलपटू फाउस्तो कोप्पीचे फोटो. कोप्पी याच टेकड्यांतल्या कास्तेल्लानिया गावचा. पाच वेळा 'जिरो दितालिया' आणि 1949 व 1952 साली 'तूर द फ्रान्स' जिंकलेला माणूस. त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 2019 मध्ये, गावाच्या नावालाच त्याचं आडनाव जोडलं गेलं. आमचे ज्येष्ठ सहकारी फोटोंकडे बोट दाखवून हे सगळं सांगत होते तोवर मी वाइनची यादी चाळली. दोन पानांची. रेडमध्ये बार्बेरा भरपूर. व्हाइटमध्ये 'गावी' नावाची एक, आणि आणखी एक-दोन नावं. 'गावी' मी तोरिनोत प्यायले होते. ती जवळच्याच, गावी नावाच्याच गावाभोवती, कोर्तेसे नावाच्या द्राक्षापासून बनते. स्वच्छ, हलकी, मासळीबरोबर बरी. मी तीच मागितली.

मालकीणबाईंनी माझ्याकडे न बघता आमच्या सहकाऱ्यांकडे बघितलं. त्यांच्या बोलीत काहीतरी दोन वाक्यांची देवाणघेवाण झाली आणि बाई आत निघून गेल्या.

"गावी नाही का त्यांच्याकडे?" मी विचारलं.

"आहे की. पण तू इतक्या लांबून आलीस आणि शेजारच्या गावची पिणार, हे त्यांना पटलं नाही."

बाई परत आल्या त्या हातात एक बाटली घेऊन. बाटलीच्या खांद्यावर धूळ होती, ती त्यांनी टेबलापाशी येऊनच ॲप्रनला पुसली. लेबलवर बागेचं नाव होतं, 'कोस्ता देल वेंतो', खाली उत्पादकाचं, वॉल्टर मासा. वाइन इथल्याच तिमोरासो नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची. नऊ वर्षांपूर्वीचं साल. नऊ वर्षं जुनी व्हाइट वाइन म्हटल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, खपली नाही म्हणून पडून राहिलेली दिसते. बाटलीला हात लावला तर ती फ्रिजमधली नव्हती, तळघरातली असावी, नुसती गार. मी बर्फाची बादली मिळेल का विचारलं. बाईंनी मान हलवली आणि बूच काढायला सुरुवात केली. सहकाऱ्यांनी भाषांतर केलं: "आधी पी म्हणतात. मग बादली माग."

रंग गडद सोनेरी. ग्लासात नाक घातलं तर फारसं काहीच नाही. ओला दगड म्हणतात तसा एक वास, बस्स. पहिला घोट मात्र दमदार निघाला. व्हाइट वाइनच्या मानाने जाड, जिभेवर वजन जाणवणारी, आणि त्याच वेळी आंबटपणा इतका ताठ की तोंडाला पाणी सुटावं. मी ग्लास खाली ठेवला. बाईंनी मला ग्लास हातात धरून ठेवायची खूण केली, म्हणजे तळव्याची ऊब लागेल.

जेवण सुरू झालं. आधी फारिनाता आली. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं; आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त जाड आणि वरून खरपूस. मग राबातोन: पालेभाजी आणि रिकोता चीज मळून केलेले बोटभर लांबीचे मुटके, पिठात घोळवून उकडलेले आणि वर लोणी व सेजची पानं. हे दोन्ही पदार्थ शाकाहारी, त्यामुळे आमच्या टीममधल्या नाशिकच्या मुलाचीही सोय झाली. मी मधूनमधून ग्लासाकडे वळत होते, आणि दर वेळी आत काहीतरी वेगळं चाललेलं होतं. आधी पिकलेला पेअर आला, मग मध. गोडी मात्र जिभेवर अजिबात नाही, मधाचा फक्त वास. मग कडवट बदामासारखं काहीतरी. वाइनबद्दल लिहिणारे अशा वासांच्या माळा ओवतात त्याचा मला मनापासून कंटाळा आहे, म्हणून इथेच थांबते. पण त्यानंतर जे आलं ते सांगायलाच हवं. पेट्रोल!

मी गाड्यांत काम करते, हा वास मला झोपेतही ओळखू येतो. क्षणभर वाटलं, सकाळी प्लांटमध्ये डोकावून आलो होतो, बाहीला लागलं असेल. बाही हुंगून बघितली. बाही स्वच्छ होती. सहकारी हसायला लागले. तोरिनोहून आणलेला प्रत्येक इंजिनिअर याच क्षणी बाही हुंगतो म्हणे.

नंतर मी याच्या मागे लागले तेव्हा कळलं की यात दोष काही नाही. टीडीएन नावाचं एक संयुग असतं. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून त्याचा कच्चा माल तयार होतो आणि बाटलीत वर्षानुवर्षं हळूहळू ते मोकळं होत जातं. जर्मनीतल्या रीसलिंग या व्हाइट वाइनच्या जुन्या बाटल्यांची ओळख म्हणजे हाच वास. तरुण वाइनमध्ये तो नसतो किंवा जेमतेम असतो. म्हणजे मला खपली नाही म्हणून पडून राहिलेली वाटलेली बाटली बाईंनी खरं तर जपून ठेवली होती. त्यांची पद्धतच ती. दरवर्षी आलेल्या मालातल्या थोड्या बाटल्या तळघरात सरकवायच्या, यादीत लिहायच्या नाहीत आणि गिऱ्हाईक बघून काढायच्या. यादीत लिहिल्या तर मिलानहून येणारे लोक महिनाभरात संपवतील, असं त्यांचं म्हणणं. बिलात तिचे पंचेचाळीस युरो लागले. तोरिनोच्या बऱ्या हॉटेलात साधी बार्बेरा तेवढ्याला मिळते.

शेवटी मोंतेबोरे आलं. हे इथलंच चीज, गाईच्या आणि मेंढीच्या कच्च्या दुधाचं, लहान होत जाणाऱ्या तीन चकत्या एकावर एक ठेवलेलं. 1489 साली तोरतोनाला झालेल्या एका सरदारी लग्नाच्या मेजवानीत लिओनार्दो दा विंचीने हेच चीज मांडलं होतं असं इथले लोक सांगतात. सांगोत बापडे. मला त्या चीजबद्दल जास्त महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. तेही जवळजवळ बंद पडलं होतं आणि काही थोड्या लोकांनी पुन्हा सुरू केलं. वाइनचंही अगदी तसंच.

त्या बाटलीतलं द्राक्ष म्हणजे तिमोरासो. एकेकाळी या टेकड्यांवर ते सर्रास होतं. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किडीने युरोपभरच्या बागा खाल्ल्या. नव्याने, अमेरिकन खुंटावर कलमं करून लागवड करायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्याने जे कुठलाही शेतकरी करेल तेच केलं: त्रास देणारा वाण सोडून दिला. तिमोरासो त्रास देते. फळधारणा एकसारखी होत नाही, एकाच घडात मोठे मणी आणि वाटाण्याएवढे मणी शेजारी-शेजारी, शिवाय मणीगळ. उत्पन्न कमी. कोर्तेसे मात्र भरभरून येतं आणि जेनोआच्या बाजारात विकलंही जातं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर टेकड्यांवरची तरुण पोरं तोरिनो, मिलान, जेनोआच्या कारखान्यांत गेली आणि उरल्यासुरल्या बागांकडे बघायला माणूस राहिला नाही. आमच्या सहकाऱ्यांचे वडील त्यातलेच, बाग सोडून फियाटमध्ये गेलेले. त्यांनी हे सांगितलं तेव्हा टेबलावर बसलेल्या आम्हा सगळ्यांचा पगार कुठून येतो हे मला आठवलं.

1980 च्या दशकात मोंलेआले गावच्या वॉल्टर मासा यांनी आपल्या घरच्या बागेतल्या उरलेल्या थोड्या वेली वेगळ्या काढून त्यांची वेगळी वाइन करायला घेतली. तोवर ही द्राक्षं इतर पांढऱ्या द्राक्षांत मिसळून टाकत. मासांचं बघून शेजारच्या क्लाउदिओ मारिओत्तो, ला कोलोम्बेरा अशा उत्पादकांनीही तिमोरासो लावली. हळूहळू सगळ्यांनी 'देर्तोना' हे नाव लेबलवर घ्यायचं ठरवलं. रोमन काळातलं तोरतोनाचं हेच नाव. जेनोआहून अक्विलेयाला जाणारा इसवीसनपूर्व 148 चा विया पोस्तुमिया हा रोमन रस्ता इथूनच जायचा. आता लागवड काही शे हेक्टरांवर पोचली आहे आणि पिएमोंतेतल्याच बारोलो या प्रसिद्ध रेड वाइनची नामांकित घराणी, विएत्ती, रोआन्या, बोर्गोन्यो, इथे येऊन जमिनी घेत आहेत. बारोलोवाल्यांना ही माती परकी नाहीच. निळसर करडी चुनखडीयुक्त माती, 'सांत आगाता' नावाची, बारोलोच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांत तीच आहे. भूगर्भशास्त्रात सुमारे 1 कोटी 16 लाख ते 72 लाख वर्षांपूर्वीच्या कालखंडाला टॉर्टोनियन म्हणतात, तेही याच तोरतोनावरून. ज्या गावात लोक फक्त गाडी बदलतात त्याच्या नावावर पृथ्वीच्या इतिहासातली सुमारे 44 लाख वर्षं जमा आहेत, हे मला भारीच वाटलं.

सोमवारी मी तोरिनोत बाटली शोधायला लागले. इथे खरी कसरत सुरू झाली. चांगल्या वाइनच्या दुकानात 'देर्तोना' मागितली की मिळते, नाही असं नाही; पण मिळते ती गेल्या दोन-तीन वर्षांतली. तीही चांगलीच असते, लिंबू, सफरचंद, ताठ आंबटपणा. पण मला जे हवं होतं ते त्यात अजून यायचं होतं. "जुनी आहे का?" विचारलं की दुकानदार हसायचे. दुकानात माल ठेवून पैसे अडकवायला कुणाला परवडतं? उत्पादकांकडेही फार काही राहत नाही. मुळात बाटल्या कमी, आणि इटलीत व्हाइट वाइन म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात संपवायची ही सवय इतकी पक्की की ठेवून द्यायची कल्पनाच दुकानांना नवी. थोडक्यात, तिमोरासो दुर्मीळ आहे त्यापेक्षा म्हातारी तिमोरासो दुर्मीळ आहे. ती फक्त ज्याने धीर धरला त्याच्या तळघरात सापडते, आणि असा धीर धरणारे बहुतेक खानावळवाले निघतात.

एका दुकानदाराने मला एक उपयोगाची गोष्ट शिकवली. लेबलवर नुसतं 'कोल्ली तोरतोनेसी' असेल तर त्या परिसरातली कुठलीही वाइन असू शकते, बार्बेरासुद्धा; 'तिमोरासो' किंवा 'देर्तोना' शब्द शोधायचा. आणि एखाद्या विशिष्ट उतारावरच्या बागेचं नाव असेल, जसं मासांचं कोस्ता देल वेंतो किंवा स्तेर्पी, तर ती जास्त वर्षं टिकेल अशी आशा ठेवायला हरकत नाही. चौकशीत असंही कळलं की बहुतेक जण या वाइनला लाकडी पिंपाचा स्पर्श होऊ देत नाहीत. स्टीलच्या टाकीत, आंबवण झाल्यावर तळाला बसलेल्या यीस्टच्या गाळावर ती महिनोन्‌महिने ठेवतात, मधूनमधून ढवळतात. ते जिभेवरचं वजन बरंचसं तिथून येतं.

मग एका सुट्टीला मी एकटीच रेल्वेने अस्ती, अलेस्सांद्रियामार्गे तोरतोनाला गेले. स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर एक जुनं दुकान आहे असं सहकाऱ्यांनी सांगितलं होतं. दुकानदार आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, माझं इटालियन गिअर, बेअरिंग आणि तेलाची गळती यांच्यापुढे जात नाही. मी वहीत सालं लिहून दाखवली. ते मान हलवत गेले. शेवटी मी त्या खानावळीचं नाव घेतलं आणि हाताने बाटली पुसल्याचा अभिनय केला. आजोबा खळखळून हसले, मागच्या खोलीत गेले आणि दोन बाटल्या घेऊन आले, सहा वर्षं जुन्या. नऊ नव्हे, पण सहा. कुणीतरी मागवून न्यायलाच आलं नाही म्हणून राहिल्या, असं मला त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलं. पैसे त्यांनी नव्या बाटलीएवढेच घेतले, पंचविसेक युरोंच्या आसपास.

भारतात परत येताना दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्क न भरता आणता येतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली असती तर सव्वादोन लिटर झाले असते. हातातल्या बॅगेत बाटली चालत नाही, सामानात टाकावी लागते. मी प्रत्येक बाटली जाड मोज्यात घातली, मग जॅकेटच्या बाहीत, आणि बॅगेच्या बरोबर मध्यावर ठेवून चारी बाजूंनी कपडे ठासले. कोपऱ्यात ठेवायची नाही, बॅग पट्ट्यावर कोपऱ्यावरच आपटते. मुंबईला बॅग कोरडी निघाली.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये घरात बाटली ठेवायची कुठे, हा प्रश्न इटलीत कुणाला समजावून सांगता येत नाही. तळघर नाही. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, आडवी, एका कोपऱ्यात ठेवली. आईने तिच्यावर रोज कोथिंबिरीची जुडी टाकली.

पहिली बाटली उघडली ती नाशिकचे मामा आले तेव्हा. मामांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, थॉम्पसन, सगळी खायची द्राक्षं. वाइन ते सणासुदीला घोटभर घेतात, तीही नाशिकचीच, आणि बर्फ टाकून. मी बाटली जेवणाआधी तासभर फ्रिजबाहेर काढून ठेवली होती, तर त्यांचं पहिलं वाक्य, "अगं, गरम झाली ही." मी म्हटलं, "मामा, तुम्ही आधी घ्या, मग बर्फ मागा."

जेवणाचा विचार मी बराच केला होता. चिंच आणि कोकम बाद, वाइनच्या आंबटपणावर दुसरा आंबटपणा चढला की दोन्ही फिके. भरपूर तिखटही बाद, कारण वाइनमध्ये अल्कोहोल चांगलं चौदा टक्क्यांच्या घरात, जीभ भाजते. ओल्या काजूची उसळ केली. रत्नागिरीहून आलेले ओले काजूगर, नारळाचं वाटण, मिरची बेताची, गूळ अगदी चिमूटभर. ही जोडी जमली. काजूचा दुधट स्निग्धपणा आणि वाइनमधला बदाम एकमेकांना धरून बसले, आणि नारळाचा जडपणा पुढच्या घोटाने धुऊन निघत होता. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाव बाटलीबरोबर अळूवडी खाऊन बघितली, तिथे मात्र चिंचेने घात केला. पेट्रोलचा वास सहा वर्षांच्या बाटलीत होता, पण पुसट. आईला तो आलाच नाही, मामांना लगेच आला आणि त्यांनी ग्लास लांब धरून विचारलं, "ट्रॅक्टरमधून आणली का?"

वास पचल्यावर मामांचे प्रश्न सुरू झाले, सगळे शेतकऱ्याचे. एकरी किती? छाटणी एकदाच का? मी सांगितलं, तिकडे हिवाळ्यात वेल झोपतो, बर्फ पडतं, त्यामुळे वर्षाला एकच छाटणी आणि काढणी सप्टेंबरच्या सुमारास. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी करून त्याला कामाला लावावं लागतं. मणीगळीचं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "मग लावतातच कशाला?" दुसरा ग्लास ओतून घेत त्यांनी विचारलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "दोन काड्या घालून आणायच्या होत्यास मोज्यात. डॉगरीजच्या खुंटावर बांधून बघितल्या असत्या."

मी सांगितलं की कलमाच्या काड्या अशा बॅगेतून आणता येत नाहीत, परवाना लागतो आणि आल्यावर विलगीकरणात ठेवून तपासतात. फायलोक्सेराही अशीच अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर युरोपात गेली होती. मामांना ते पटलं. बर्फ त्यांनी मागितला नाही. दुसऱ्या बाटलीचं मात्र त्यांनी परस्पर ठरवून टाकलं: ती नाशिकला त्यांच्या शीतगृहात जाणार, त्यांच्या थॉम्पसनच्या पेट्यांमागे, आणि तीन वर्षांनी उघडायची. शीतगृहाचं तापमान शून्याच्या आसपास असतं, वाइनला ते फार थंड, असं मी म्हटलं. त्यावर ते आता एका ओळखीच्या वाइनरीवाल्याशी बोलणार आहेत.